पाहुण्याचं ‘नको’

“न्हाई, मला येक सांगा. पाव्हनं आलं, ताट म्होरं ठेवलं, आनि ते ‘नको नको’ म्हनाय लागलं, तर आपुन ताट उचलतो व्हय?”

“आपल्यात न्हाई उचलत.”

“मग झालं तर. मलायांत बी न्हाई उचलत.”

“तुला कुनी सांगिटलं?”

“हसना करती की. पंचवीस वरसं बगतोय मी. तिच्या घरात ‘नको’ म्हनून कोन सुटलंय आजवर?”

“बग बाई. आज ती मोठी बाई येनार हाय. तिला पटलं तर बरं. न्हाईतर हाय आपलं परत कँटीन.”

“सकाळी सकाळी कँटीनचं नाव काडू नगा तुमी.”

सविता चौगुलेंनी इस्त्री आपटली. सिंगापुरातल्या वुडलँड्स वस्तीत, नवव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात एका बाजूला विश्वासराव चहात बटर बुडवत बसलेले, आणि दुसऱ्या बाजूला बाई आपला पायघोळ मलाय झगा कडक करत उभ्या. वर्गाच्या दिवशी त्या हाच झगा घालतात. गळ्यातलं मंगळसूत्र मात्र वरच असतं, ते काही झग्याच्या आत जात नाही.

बाई स्वतःला ‘बगतोय’ म्हणते म्हणून कुणी दचकू नये. कागलच्या बाजूच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. अडतं ते ऐकणाऱ्या पुणेकरांचं.

तर ही कागलची बाई सिंगापुरात शाळेतल्या पोरांना मलाय भाषा शिकवते. कशी, ते सांगायला पाहिजे.

विश्वासराव जहाजाच्या यार्डात वेल्डर म्हणून आले, त्यांच्या मागोमाग नव्या नवरीच्या बांगड्या वाजवत सविताबाई आल्या. इंग्रजीच्या नावानं आनंद. समोरच्या दारात हसना राहायची. पुलापलीकडच्या मलेशियातल्या, जोहोरच्या एका खेड्यातली, लग्न होऊन इकडं आलेली. तिचं इंग्रजी म्हणजे ‘यस’, ‘नो’ आणि ‘हाऊ मच’. आता दोघींच्या दारांत अंतर ते किती, चार फूट. नवरे दिवसभर कामावर. दोघींनी बोलायचं नाही तर करायचं काय? कांदा चिरता चिरता, मासळीवाल्याशी हुज्जत घालता घालता, नवऱ्यांची उणीदुणी काढता काढता बाईंना मलाय आलं. पुस्तक नाही, वही नाही. त्यामुळं त्यांचं मलाय भांडणाला, बाजाराला आणि बाळंतपणाला उपयोगी पडणारं. आणि सूर असा, की शब्द मलाय असले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, बाई पाटाच्या पाण्यावरून शेजारणीला बोलतेय. पुढं जे काही त्यांचं मलाय बोलणं येईल, ते म्हणूनच कागली मराठीतच लिहिलेलं बरं.

पोरगी शाळेत गेली, मोठी झाली, ऑस्ट्रेलियाला गेली. घरात बसून अंग आंबायला लागलं तसं बाईंनी एका प्राथमिक शाळेच्या कँटीनमध्ये काम धरलं. नूडल्सच्या स्टॉलवर दोन वर्षं काढली. वाफेत तोंड, साबणात हात. पोरं यायची, “आंटी, फोर्क. आंटी, मोअर सूप.” वर बघायचीसुद्धा नाहीत. इथं त्या वयाची प्रत्येक बाई आंटीच. नाव विचारायची पद्धत नाही.

एक दिवस चार दांडगी पोरं रांग मोडून पुढं घुसली. बाईंनी डाव आपटला आणि मलायमधून त्यांची अशी खरडपट्टी काढली, की ती चौघं तर मागं गेलीच, पण ज्यांनी काही केलं नव्हतं तीही दोन पावलं मागं सरली. कोपऱ्यात एक गृहस्थ जेवत होते. शाळांना बोलचालीचं मलाय शिकवणारे शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीचे. त्यांची शिक्षिका बाळंतपणाला गेलेली, आणि बदली मिळत नव्हती. म्हणाले, “तुम्ही मुलांना मलाय शिकवाल का?”

बाई म्हणाल्या, “आत्ता मी काय करतोय मग?”

दुसऱ्या आठवड्यात त्या वर्गात गेल्या. वीस पोरं उठून उभी राहिली आणि सुरात म्हणाली, “सलामत पागी, चिकगू.” सलामत पागी म्हणजे सुप्रभात, आणि चिकगू म्हणजे गुरुजी. बाप्या असो की बाई, शिकवणारा तो चिकगू. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “परत म्हना.” पोरांनी परत म्हटलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी गावाकडं जावेला फोन केला. “मास्तरीन झालो म्हनावं समद्यास्नी. त्या तलाठ्याच्या बायकोला आदी सांग.”

चार वर्षं झाली त्याला. गणपतीला इथली मराठी माणसं जमतात, त्यात बँकेतली माणसं फार. तिथं एका बँकरची बायको, सुचित्रा, हिनं एकदा विचारलं होतं, “मलाय? तुम्ही? कसं काय बाई?” तिचीच लेक आर्या पुढं बाईंच्या वर्गात आली, आणि फाटकात भेट झाली की सुचित्राबाईसुद्धा ‘चिकगू’ म्हणायला लागल्या. आणखी काय पाहिजे?

आणि मग कंपनीचं पत्र आलं. जुलैपासून सर्टिफिकेटवालेच शिक्षक ठेवणार. ज्यांच्याकडं ते नाही, त्यांचा एक तास पुआन रोहाया येऊन बघतील. पुआन म्हणजे बाईसाहेब. तीस वर्षं मलाय शिकवून निवृत्त झालेल्या, कडक. त्यांनी ठीक म्हटलं तर राहा, नाहीतर वर्ग दुसऱ्याला. शाळेच्या ऑफिसातली पोरगी मायेनं म्हणाली होती, “काळजी करू नका आंटी, कँटीनमध्ये तुमची जागा कधीही आहे.”

ते ‘आंटी’ बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

तर आज गुरुवार. अकराचा तास, चौथीचा वर्ग. एकोणीस पोरं. चिनी, तमिळ, दोन मराठी, एक फिलिपिनो. मलाय पोरं यात नाहीत, त्यांना येतंच की. विषय होता, सणाला मलाय घरी पाहुणे म्हणून जायचं कसं आणि पाहुणा आला तर करायचं काय.

बाईंनी वर्गातली बाकं मागं ढकलून मधोमध चटई अंथरली. सकाळी हसनाच्या स्वयंपाकघरात दोघींनी मिळून ओंदे-ओंदे केले होते. हिरवे, सुपारीएवढे गोळे, वरून ओलं खोबरं, आत पातळ झालेला ताडाचा गूळ. तोंडात अख्खा टाकायचा आणि ओठ मिटूनच चावायचा, नाहीतर समोरच्याचे कपडे गेले. गोळे वळताना हसना आज एकही चाखत नव्हती, हे बाईंनी बघितलं होतं. पण त्यांचं डोकं दुसरीकडं होतं.

जोडे बाहेर. वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन मान लववायची. वाकून जायचं. खायचं ते उजव्या हातानं. हे सगळं बरोबर, कुणीही मान डोलवावी असं. त्यापुढचा धडा मात्र बाईंचा खास होता. फळ्यावर त्यांनी यादी लिहिली होती, पाहुणे ‘नको’ म्हणताना काय काय सांगतात त्याची. एक, पोट भरलंय. दोन, साखरेचा आजार आहे. तीन, डॉक्टरनं बंद केलंय. चार, घाई आहे. पाच, उपास आहे.

“ह्यातलं येक बी खरं धरायचं न्हाई,” असं त्यांनी आधीच्या तीन तासांना पोरांकडून घोकून घेतलं होतं. “पाव्हना लाजतोय. त्येच्या पोटात भूक हाय. तुमी सोडलं, तर तो उपाशी घरी जाईल आनि तुमची सात पिढ्या बदनामी करील.”

पोरांना हा धडा एवढा आवडला होता की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाचं न ऐकायला शिकवणारं कुणी भेटलं होतं.

पुआन रोहाया बरोबर अकराला वर्गात आल्या. राखाडी रुमाल डोक्याभोवती घट्ट बांधलेला, हातात फाइल. शेवटच्या खुर्चीवर बसल्या, पेन काढलं. बाईंचा आवाज मात्र काही खाली आला नाही. एरवी पाहुण्याचं काम बाईच करायच्या. आज मात्र आर्या उठली. हात वर केल्याशिवाय हिला श्वास घेता येत नाही, अशी ही पोरगी. ती सरळ मागं गेली, पुआनचा हात हातात घेऊन मान लववली आणि मलायमध्ये म्हणाली, “या, आत या.”

पुआन हसल्या. फाइल मिटून चटईवर येऊन बसल्या. सविताबाईंना वाटलं, जिंकलो.

आणि नेमकं तेव्हाच जुन वेई नावाच्या पोरानं त्यांचा झगा ओढला. त्याला यजमानाच्या पोशाखात विजारीवरून झगमगीत कापड गुंडाळलं होतं. बाईंनी त्याला बैलाच्या दाव्याची गाठ मारली होती, सुटू नये म्हणून. ती सुटत नव्हती, आणि जुन वेईला लघवीला जायचं होतं. बाईंनी त्याला दाराआड नेलं आणि गाठीशी दातांनी झोंबायला लागल्या. पाठ वर्गाकडं.

तिकडं चटईवर आर्यानं ताट पुढं केलं.

“घ्या.”

“नको गं राणी. तरीमा कासी.” म्हणजे आभार.

“एकच घ्या.”

“आज मी काही खाणार नाही. माझा उपास आहे.”

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. आनंदानं एकाचे डोळे चमकले. आर्यानं फळ्याकडं बोट केलं. “नंबर पाच.”

पुआननं वळून फळा वाचला. “अगं, पण माझा खरंच आहे.”

“रमदान तर केव्हाच संपला,” कवीन म्हणाला.

“सोमवारी आणि गुरुवारीही धरतात काही जण.”

“माझी आजीपण असंच सांगते. मग स्वयंपाकघरात जाऊन खाते.”

“मी तुझ्या आजीसारखी नाही.”

“तिला डॉक्टरनं गोड बंद केलंय.”

“मलासुद्धा केलंय बाबा.”

“नंबर तीन,” चौघं एकदम म्हणाली.

“मुलांनो, मला पुढच्या शाळेत जायचंय.”

“नंबर चार.”

हे सगळं चाललं होतं मलायमध्ये. मोडकं, अडखळतं, क्रियापदं दुसऱ्याच गावाला गेलेली, पण मलायच. बाईंचा नियम होता, इंग्रजी बोलेल त्याला ओंदे-ओंदे नाही. एकोणीसपैकी अठरा पोरं पुआनभोवती कोंडाळं करून बसली होती. कुणी पाणी आणलं, कुणी रुमाल. एक पोरगी गाल फुगवून म्हणाली, “तुम्ही नाही खाल्लं तर आम्ही समजू, तुम्ही आमच्यावर रागावलात.” हेही बाईंनीच शिकवलेलं, ठेवणीतलं हत्यार. आर्यानं एक गोळा उचलला आणि माया दाटून आल्यासारखं थेट पुआनच्या ओठांशी नेला. पुआननं मान मागं घेतली. आर्यानं हात पुढं केला. बोटांत गोळा दाबला गेला आणि फुटला.

गुळाची एक बारीक धार पुआन रोहायांच्या हनुवटीवरून राखाडी रुमालावर ओघळली.

बाईंच्या दातांत तेवढ्यात गाठ सुटली, जुन वेई पळाला, आणि त्या वळल्या.

“काय झालं?”

“चिकगू,” आर्या रडवेली होऊन म्हणाली, “या म्हणतात उपास आहे. आम्ही ऐकलं नाही.”

बाईंनी पुआनकडं बघितलं. मग त्यांना सकाळची हसना आठवली. एकही गोळा न चाखणारी. गुरुवार. हसना दर सोमवारी, गुरुवारी हेच करते, पाणीसुद्धा पीत नाही, आणि हे आपल्याला पंचवीस वर्षं माहीत आहे. बाई मटकन चटईवर बसल्या.

“मेलो,” हे त्यांनी मराठीत म्हटलं. मग मलायमध्ये, “माझ्या बाई, चुकलं. माझी अक्कल गेल्ती चरायला. मला समजाय पायजे हुतं. माझा बी आज उपासच हाय.”

पुआन रुमालाचं टोक पुसत होत्या. थांबल्या. “तुमचा? मघाशी स्टाफरूममध्ये तुम्ही केळं खात होता.”

“केळं चालतंय.”

“आणि शेंगदाणे?”

“शेंगदानं बी चालत्यात. साबुदाना चालतोय, बटाटा चालतोय, दूध चालतंय.”

“मग चालत नाही काय?”

बाईंनी विचार केला. “भात.”

“असा उपास मी वर्षभर धरीन,” पुआन म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण ओठ जरा हलले.

तेवढ्या हालचालीनं पोरांना धीर आला. आता त्यांना नवंच कुतूहल. पाणीपण नाही? थुंकी गिळली तर? दात घासले तर? चुकून माशी तोंडात गेली तर? सोडणार किती वाजता? सातनंतर. घरी कोण आहे स्वयंपाकाला? कुणी नाही, मीच. मग आज काय करणार? कवीन म्हणाला, भात करू नका, भात चालत नाही. आर्यानं त्याला सांगितलं, अरे तो चिकगूंचा उपास, ह्यांचा वेगळा. दोघांची त्यावरून जुंपली, तीही मलायमध्ये. पुआन मधे पडल्या, समजावायला लागल्या, आणि एकोणीस पोरं (जुन वेई मोकळा होऊन परत आला होता) त्यांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत राहिली. शेवटी जुन वेईनं आपला रिकामा डबा आणला, त्यात चार ओंदे-ओंदे मोजून ठेवले, झाकण दाबलं आणि पुआनच्या मांडीवर ठेवला. “सातनंतर,” तो म्हणाला. “तोंड बंद करून खा.”

घंटा झाली. पोरं गेली. चटईवर दोघी बायका आणि खोबऱ्याचा सडा.

“हे पाहुण्याला न सोडण्याचं तुम्हाला कुणी शिकवलं?” पुआननं विचारलं.

“माजी शेजारीन, हसना. अस्सल मलाय हाय, जोहोरची. तिच्या घरी पाच-पाच येळा वाढत्यात.”

“जोहोरला माझ्या दोन नणंदांची घरं आहेत. पाहुण्याला आग्रह आम्हीही करतो. दोनदा. उपास आहे म्हटल्यावर कुणी करत नाही.”

“हसना करती.”

“लावा तिला फोन.”

बाईंनी स्पीकर लावला. पलीकडं तेलात काहीतरी तडतडत होतं. हसनानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते? ते तर मी सावीकडून शिकले.”

“माज्याकडनं?” बाई ओरडल्याच.

“मग कुणाकडून? तू इथं आलीस त्या पहिल्या आठवड्यात मला जेवायला बोलावलंस. मी दोन चपात्या खाऊन पुरे म्हटलं. तू आणखी चार वाढल्यास. मी ताटावर हात धरला, तू हाताच्या फटीतून आमटी ओतलीस. रात्रभर पोट धरून बसले मी. नवरा म्हणाला, त्यांच्याकडची रीत असेल, तूही तसंच कर नाहीतर तिला वाईट वाटेल. तेव्हापासून करतेय. मला कुठं आवडतंय? माझी सख्खी बहीण येत नाही आता माझ्याकडं.”

फोन बंद झाला. सविताबाई फळ्यावरच्या यादीकडं बघत बसल्या. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या घरात बसून आपण मलाय रीत टिपून घेतली, त्या बाईनं ती आपल्याच ताटावरून उचललेली. चौथीच्या चार तुकड्यांना आपण मलाय संस्कृती म्हणून कागल शिकवलं. आता पत्र काय येणार ते दिसतच होतं. साबण, वाफ, आंटी, मोअर सूप.

“तुमचं खरं हाय,” त्या म्हणाल्या. “द्या लिहून. मी काय रडनार न्हाई.”

पुआननं फाइल उघडली. “या महिन्यात मी सहा शाळा बघितल्या. सगळीकडं छापील कार्डं. मूल उठतं, ‘माझं नाव अमुक, मला आंबा आवडतो’ म्हणतं आणि खाली बसतं. मी उलट प्रश्न विचारला की मूग गिळून गप्प. त्या शिक्षकांची सर्टिफिकेटं भिंतीवर टांगलेली आहेत. इथं एवढीएवढी पोरं अर्धा तास माझ्याशी माझ्या भाषेत वाद घालत होती, आणि जिंकली. तीस वर्षांत माझ्या स्वतःच्या वर्गानं मला असं कधी हरवलेलं नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे भाषेसाठी राहा. जुलैनंतरही. रीतिरिवाजाचा धडा मी लिहून देईन, तो जशाच्या तसा घ्यायचा. त्यात तुमचं काही घालायचं नाही.”

“हसनाला इचारून—”

“हसनाला तर मुळीच नाही. ती तुमच्यापेक्षा बिघडलीय. आणि ती यादी पुसा.”

बाई उठल्या, डस्टर हातात घेतलं आणि पाच नंबर पुसला. मग थांबल्या. “चार ठेवतो. घाईवाली माणसं खोटीच असत्यात.”

“सगळी पुसा.”

“साखरेचं तरी?”

“चिकगू सविता.”

बाईंनी सगळी पुसली. पुआन उठल्या, डबा पिशवीत घातला, जोडे चढवले. दारापर्यंत सोडायला गेलेल्या बाईंच्या तोंडून सवयीनं निघालंच, “वाईच च्या तरी—” आणि त्यांनी पदर नसलेल्या झग्याचा काठ तोंडाशी नेला. पुआननं वळून नुसतं बघितलं आणि जिन्याकडं चालू लागल्या.

बाहेर तिसरीची पोरं येऊन उभी होती. मधल्या सुट्टीचा घाम, अंगाला सॉसचा वास. दारात बुटांचा ढीग झाला होता, एक बूट तर खिडकीत.

“हितं काय बाजार भरलाय?” चिकगू मलायमध्ये म्हणाल्या. “जोडीनं लावा. टाचा भिताडाकडं. खिडकीतला कुनाचा हाय? उचल. आनि आत येताना खोबरं तुडवू नका, आदी झाडू दे मला.”

कोपऱ्यातला झाडू घेऊन त्या चटई झाडायला लागल्या.